पाय टेकतोय का?

ठाण्यातल्या माझ्या दवाखान्याचा फोन संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान सर्वांत जास्त वाजतो. माणसं कामावरून घरी येतात, रोज दाराशी येऊन पायात घोटाळणारं मांजर आज दिसत नाही, हाका मारल्या जातात आणि ते पलंगाखालून तीन पायांवर बाहेर येतं. मग फोन येतो, ‘डॉक्टर, माऊ लंगडतेय. आत्ता आणू, की सकाळपर्यंत थांबू?’

मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. उगाच विचारलं, असं मी कुणालाही कधी वाटू देत नाही. मांजर दवाखान्यात आणणं म्हणजे त्याच्यासाठी एक संकटच असतं. पिशवीत कोंडायचं, रिक्षाच्या आवाजातून यायचं, बाहेरच्या बाकड्यापाशी भुंकणाऱ्या कुत्र्यांशेजारी थांबायचं आणि मग अनोळखी हातांत जायचं. भीतीने त्याचे ठोके वाढतात, ताप थोडा चढतो आणि माझ्या टेबलावर ते असं गोठून बसतं, की एक पाऊल टाकत नाही. जे लंगडणं दाखवायला आणलं, ते मला दिसतच नाही. म्हणून आणायचं की नाही हा निर्णय घरी, शांतपणे, नीट बघून घेतलेला बरा. तो कसा घ्यायचा, हे मी इतक्या वर्षांत फोनवर बोलता बोलताच शिकले.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला लंगडणं शिकवलं ते घोड्यावर आणि बैलावर. ही संस्था १८८६ सालची. त्या काळी ट्रामपासून टांग्यापर्यंत सगळं जनावराच्या पायावर चालायचं, त्यामुळे पायाचं शास्त्र तिथे फार बारकाईने शिकवलं जाई. घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायचं आणि मान बघायची. पुढचा दुखरा पाय जमिनीवर आला, की घोडा मान वर उचलतो. चांगला पाय टेकला, की खाली आणतो. इतकं साधं आणि इतकं अचूक. पण मांजराला कुणी लगाम धरून पळवू शकत नाही. ते आपल्या मर्जीने, आपल्या घरात, आपल्या वेळेलाच चालतं. म्हणून फोन आला, की माझं पहिलं सांगणं असतं: मोबाइलवर त्याच्या चालण्याचा व्हिडिओ घ्या. खाली बसून, मांजराच्या उंचीवरून. एकदा बाजूने, एकदा मागून. अर्ध्या मिनिटाचा तो व्हिडिओ मला पुष्कळदा तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो.

त्यात पहिल्यांदा बघायचं ते पाय टेकतोय का. पंजा जमिनीला लागतो, पण भार पटकन दुसऱ्या पायावर जातो, ही एक गोष्ट. पाय पोटाशी दुमडून धरलाय, एकदाही खाली येत नाही, ही वेगळी. आणि पाय लोंबतोय, पंजाची वरची बाजू फरशीवर घासतेय, ही तिसरी. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा थांबता येतं. दुसऱ्यात हाड मोडलेलं, सांधा निखळलेला किंवा पू झालेला असण्याची शक्यता धरून चालायचं. तिसऱ्यात नसेला मार असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी या म्हणून मी सांगते.

पण मला मनापासून सांगायचंय ते याच्या पुढचं. लोक पायाकडेच बघत राहतात. माझं म्हणणं, पाय थोडा वेळ विसरा आणि उरलेलं मांजर बघा. जेवलं का? लघवी कधी केली? श्वास कसा घेतंय? आपल्या नेहमीच्या जागी बसलंय, की कपाटामागे जाऊन तोंड फिरवून बसलंय? मांजर शिकार करतं, तसंच ते स्वतः मोठ्या जनावरांचं भक्ष्यही असतं. दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही. ते कण्हत नाही. उलट दुखत असतानाही घुरघुरतं आणि घरच्यांना वाटतं, घुरघुरतंय म्हणजे बरंच आहे. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक झालेत का, तोंडाचा भाग ताठ झालाय का, मिशा सरळ ताणल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का, या पाच गोष्टी त्यात बघतात. घरी बसून कुणालाही जमेल असं आहे ते. मी फोनवर विचारते, ‘डोळे कसे दिसतात?’ आणि समोरून ‘झोपाळलेली वाटते’ असं उत्तर आलं, की मी सावध होते. ती बहुधा झोपाळलेली नसते.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी त्यांचा बोका घेऊन माझ्याकडे यायच्या. मासळी विकून आल्या, की घरातल्या आणि दारातल्या सगळ्या मांजरांना वाटा. एकदा त्याला टोपलीत घालून, वर जाळी बांधून आल्या आणि म्हणाल्या, ‘परवा रातीला कौलावर भांडला. काल बरा होता, जेवला पण. आज पाय धरलाय, अंग तापलंय, आणि बोंबलाकडे बघत नाय.’ पशुवैद्यकाच्या पुस्तकात गळवाचं वर्णन काढून बघा, यापेक्षा नेमकं सापडणार नाही. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो. तो कातडीत खोलवर शिरतो, आत जंतू सोडतो आणि बाहेर आला की वरची कातडी लगेच मिटून जाते. रक्त नाही, जखम दिसत नाही. दोन ते चार दिवसांत आत पू साचतो आणि मग अचानक लंगडणं सुरू होतं. बोक्याचा पुढचा पाय कोपराच्या वर सुजून टणक झाला होता. केस कापले, तेव्हा राईच्या दाण्याएवढ्या दोन खपल्या दिसल्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. एक खपली गरम पाण्याच्या बोळ्याने भिजवून सोडवली आणि हलकेच दाबलं, तसा घाण वासाचा, पिवळट-तांबूस पू धारेने बाहेर आला. ताप १०४ होता. मांजराचा नेहमीचा साडेशंभर ते साडेएकशेदोनच्या आसपास असतो. जखम धुऊन, प्रतिजैविक आणि मांजरासाठीचं वेदनाशामक देऊन त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मावशींचा निरोप आला, बोंबील खाल्ला.

मावशींनी केलं ते एवढंच, की मांजराला रोज बघितलं होतं. काल काय करत होता आणि आज काय करत नाही, हे त्यांना सांगता आलं. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधून येणाऱ्या सुशिक्षित मंडळींनाही कधी कधी ते सांगता येत नाही, कारण मांजर दिवसभर एकटं असतं. तो त्यांचा दोष नाही. पण तिथे मला वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असतो, खिडकीला जाळी आहे का? मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. उतरतं, हे खरं आहे. पण उतरताना जो दणका बसतो, तो पायांवर थांबत नाही. छाती आणि हनुवटीही जमिनीवर आपटते. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयाने इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जगली, हा त्यातला दिलासा. पण दहापैकी साधारण नऊ मांजरांच्या छातीला मार होता. सहाव्या मजल्यावरून पडलेली एक करडी मांजरी माझ्याकडे आणली होती. ती जेमतेम लंगडत होती आणि घरचे म्हणत होते, ‘देवाची कृपा, फक्त पायाला लागलंय.’ ती तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत होती. कुत्रं धापा टाकतं. मांजर स्वस्थ बसलं असताना तोंडाने श्वास घेत नाही. घेतलाच तर समजायचं, की काहीतरी मोठं बिघडलंय. फुप्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत हवा साठली होती. सुईने ती हवा काढली, रात्रभर प्राणवायूवर ठेवलं आणि पायाचा एक्स-रे दोन दिवसांनी काढला. तो पाय तोवर थांबू शकत होता.

तेव्हा पडलं असेल, वाहनाखाली आलं असेल, तर लंगडणं किती आहे याचा विचारच करायचा नाही, थेट यायचं. वाहनाचा मार कुणी पाहिला नसेल तरी नखं बघावीत. गाडीचा धक्का बसताना मांजर रस्त्याला नखं रोवतं, आणि ती फाटून, झिजून झाडूच्या हिरासारखी होतात. चारही पंजांची नखं अशी दिसली, की मी मालकांना ‘अपघात झाला का’ असं विचारत नाही, सरळ सांगते की झालाय.

उंच इमारतींतलं दुसरं दुखणं मला फार छळतं, कारण ते प्रेमातून आलेलं असतं. चार-पाच महिन्यांचं गोंडस पिल्लू. सोफ्यावरून खाली उडी मारली आणि लंगडायला लागलं. इतक्याशा उडीने काय होणार, म्हणून दोन दिवस वाट पाहिली. खायला काय देता, असं विचारलं की अभिमानाने उत्तर येतं, ‘फक्त बोनलेस चिकन, डॉक्टर. दुसरं काही त्याला आवडतच नाही.’ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या पिल्लाच्या रक्तात कॅल्शियम कमी पडलं, की शरीर ते त्याच्याच हाडांतून काढून घेतं. एक्स-रे लावला तर हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी दिसतात, कुठे मांडीचं हाड ओल्या काडीसारखं वाकून चिरलेलं असतं. नुसत्या दूधभातावर वाढवलेल्या पिल्लांचंही तेच होतं. अशा पिल्लाला शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. पिल्लांसाठीचा समतोल आहार आणि काही आठवडे लहान पिंजऱ्यात विश्रांती लागते. वेळेवर आलं तर हाडं पुन्हा भरतात. पाठीचा कणा वाकल्यावर आलं, तर मात्र सगळं परत मिळवता येत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू लंगडलं, तर मी ‘थांबून बघा’ असं कधीच म्हणत नाही.

आता ज्यांना थांबता येतं, त्यांच्याबद्दल. मोठं, एरवी धडधाकट मांजर, थोडं लंगडतंय, पाय टेकतंय, जेवलंय, कुठे पडल्याचं माहीत नाही. त्याला मांडीवर घ्या, मऊ टॉवेलमध्ये गुंडाळा आणि एकेक पंजा बघा. दुखरा पाय सर्वांत शेवटी, म्हणजे तोवर ते विश्वास टाकतं. बोटांच्या मध्ये, गादीवर, नखाच्या मुळाशी बघा. काटा, काचेचा कण, उपटलेलं नख, अंगठ्याभोवती गुंडाळलेला धागा. संक्रांतीच्या आगेमागे हा धागा हमखास नायलॉन मांजाचा असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली, तरी तो अजून पायांत गुंततोच. वरवर गुंडाळलेला असेल तर कात्रीने कापा. कातडीत रुतला असेल तर ओढू नका, घेऊन या. आणि मांजर चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जा. हे मी प्रत्येकाला सांगते, हसून सोडून देऊ नका म्हणते.

पंजात काही दिसलं नाही, तर एका खोलीत ठेवा. उंच जागा बंद करा, पाणी, जेवण आणि मातीचा ट्रे जवळ ठेवा. चोवीस तासांनी फरक दिसला, तर आणखी एक दिवस बघा. फरक नाही किंवा वाढलं, तर या. अशी कितीतरी मांजरं माझ्याकडे येतच नाहीत, सकाळी ‘आता बरी आहे’ असा निरोप येतो आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

पण या चोवीस तासांत एक गोष्ट करायची नाही, आणि ती मी फोन ठेवण्याआधी दोनदा सांगते. माणसाची गोळी द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. पॅरासिटामॉल आपल्या घरात लहान मुलांनाही देतात, त्यामुळे कुणाला ती विषारी वाटत नाही. मांजराच्या यकृताला मात्र ती पचवता येत नाही, तिथे त्यासाठी लागणारी यंत्रणाच तोकडी आहे. तिच्यातून तयार होणारी विषारी द्रव्यं रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी करतात, पेशींना प्राणवायू वाहता येत नाही. हिरड्या गुलाबीच्या काळपट-तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकते. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही तितकीच वाईट, ती पोट आणि मूत्रपिंड धरतात. शेजारच्या कुत्र्याचं उरलेलं दुखण्याचं औषधही नको. मांजराचा डोस फार बारीक मोजावा लागतो. नुसता पाय मुरगळलेलं मांजर पॅरासिटामॉलच्या गोळीने दगावलेलं मी पाहिलंय. साध्या मुरगळण्याने ते मेलं नसतं.

आणि एका गोष्टीत एक तासही थांबायचं नाही. मांजर अचानक जोरात ओरडतं, जसं कधी ओरडलं नव्हतं, आणि मागचे पाय ओढत चालू लागतं. लोकांना वाटतं, कणा मोडला किंवा लकवा मारला. तेल गरम करून मालिश सुरू होते. अशा वेळी मी सांगते, एक हात पुढच्या पंजावर ठेवा आणि दुसरा मागच्या पंजावर. मागचा गार लागतोय का? गादीचा गुलाबी रंग जाऊन ती पांढरट, निळसर झालीय का? तसं असेल तर दुखणं पायाचं नाहीच, हृदयाचं आहे. हृदयाचा स्नायू जाड होत गेलेला असतो, बाहेरून कुणाला कळलेलं नसतं. डाव्या कप्प्यात रक्ताची गाठ तयार होते, सुटते आणि महारोहिणी मागच्या पायांकडे जिथे विभागते तिथे जाऊन अडकते. वेदना भयंकर असते. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं, की नाडी लागत नाही. एकच पाय धरला असेल, थोडीफार हालचाल असेल, तर वाचायची आशा जास्त. दोन्ही पाय गेलेल्यांपैकी पुष्कळांना आम्ही वाचवू शकत नाही, हे मी घरच्यांना स्पष्ट सांगते. त्यांच्यासाठी पहिल्या मिनिटाला करायची गोष्ट म्हणजे वेदना थांबवणं. त्यासाठी तरी त्यांनी रात्रीच यायला हवं. सकाळपर्यंत त्या वेदनेत कुणालाही ठेवू नये.

म्हाताऱ्या मांजरांची गोष्ट अगदी उलटी आहे, आणि ती फोनवर येतच नाही. ती लंगडत नाहीत. अमेरिकेत २००२ साली बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तर नव्वदांच्या सांध्यांत झीज सापडली. दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील, तर लंगडणार तरी कुठल्या पायाने? ती नुसती कमी करत जातात. फ्रिजवर बसायची, ती आता खुर्चीवर बसते. मग खुर्चीही सोडते. पाठीवरच्या केसांचे गुंते होतात, कारण मान तिथवर वळत नाही. नखं झिजत नाहीत, वाढून वळतात आणि कधी गादीत रुततात. घरचे म्हणतात, ‘वय झालं तिचं.’ वय हा आजार नाही. दुखणं हा आहे, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. खिडकीखाली एक पायरी ठेवा, ट्रेची कड एका बाजूने कापून खाली करा, वजन आटोक्यात आणा. औषधं आहेत, पण मूत्रपिंड तपासून.

पैशाचंही बोलायला हवं, कारण थांबू का, या प्रश्नामागे बऱ्याचदा तोच विचार असतो आणि लोक तो बोलायला संकोचतात. संकोचू नका. एवढ्यातच काय होईल ते करा, असं डॉक्टरांना आधी सांगा. प्रत्येक लंगडणाऱ्या मांजराला एक्स-रे लागत नाही. कंबरेच्या हाडाची मोड शस्त्रक्रियेविना नुसत्या पिंजऱ्यातल्या विश्रांतीने भरून येते, असंही पुष्कळदा होतं. काय टाळता येईल आणि काय नाही, हे सांगणं आमचं काम आहे. परळला आमच्या महाविद्यालयाच्या आवारातच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय आहे. खासगी दवाखाना परवडत नाही म्हणून उपचारच नको, असं मुंबई-ठाण्यात तरी कुणाला वाटू नये.

आणायचं ठरलं, तर झाकणाच्या टोपलीत किंवा प्लास्टिकच्या पेटीत आणा, खाली घरातला वापरलेला टॉवेल घाला, वरून कापड टाका. स्कूटरवर मांडीत धरून आणू नका. हॉर्नला घाबरून मांजर उडी मारतं. पायाला घरी पट्टी, काडी, हळदीचा लेप काही करू नका. आणि येण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: शेवटचं कधी जेवलं, शेवटची लघवी कधी केली, आणि शेवटचं नीट चालताना कधी पाहिलं. शंका असेल तर फोन करा, वेळ कुठलीही असो. मागचे पंजे गार लागले, तोंडाने श्वास दिसला किंवा कुणी गोळी दिली असेल, तर फोनही वाटेतूनच करा.